उपनगरातला वसंत आणि अर्ध्या दिवसाच्या सहली

मुंबईला ऋतू दोनच, एक पावसाचा आणि दुसरा घामाचा, असे आपण सगळेच म्हणतो. वर्षानुवर्षे म्हणत आलो, म्हणून ते खरेही वाटू लागले आहे. वसंत म्हणजे गावाकडची गोष्ट. तो कोकणात येतो, देशावर येतो, फार तर महाबळेश्वरला येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर असली स्टेशने त्याच्या गाडीला लागतच नाहीत, अशी आपली समजूत!

आमच्या शेजारी सातवीतला एक मुलगा राहतो. मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी तो मोठमोठ्याने ‘वसंत ऋतू’ हा निबंध पाठ करीत होता. आंब्याला मोहोर येतो, कोकिळा गाते, पळस फुलतो, वगैरे. मध्येच थांबून त्याने मला विचारले, “काका, पळस कसा असतो हो?” आमचे घर बोरिवली स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर. तेथून राष्ट्रीय उद्यानाचे फाटक फार दूर नाही, आणि त्या फाटकाच्या आत त्या दिवशी पळस फुललेला होता. मी म्हटले, “चल, उद्या दाखवतो.” आतून आई म्हणाली, “अहो, परीक्षा आहे त्याची. परीक्षा संपली की न्या.” परीक्षा संपली, मग निकाल, मग मामाचे गाव. एप्रिलच्या अखेरीस आम्ही गेलो, तेव्हा पळसाला फूल एकही नव्हते. नुसती पाने आणि लोंबणाऱ्या चपट्या शेंगा. मुलगा म्हणाला, “पुस्तकातला वेगळा आहे.”

दोष मुलाचा नाही आणि त्याच्या आईचाही नाही. अडचण अशी आहे की आपल्याकडचा वसंत आणि आपल्या शाळांच्या परीक्षा एकाच वेळी येतात. मुलगा पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वसंत उपनगरात काढतो आणि त्यातला एकही पाहत नाही. यावर उपाय काय? परीक्षा काही पुढे ढकलता येत नाहीत, आणि पळस तर मुळीच येत नाही. तेव्हा सहलच लहान करायची. सकाळी सहाला निघायचे आणि अकराच्या आत घरी. दुपारी मूल अभ्यासाला मोकळे. अशा अर्ध्या दिवसाच्या सहलींबद्दल आज तुम्हांला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी वेळेचा हिशेब पाहू. शास्त्राप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. परंतु मुंबईच्या हवेत वैशाख हा चांगलाच उन्हाळा असतो. इथला वसंत फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपतो. म्हणजे अवघे आठ आठवडे. त्यात महाशिवरात्र, होळी, पाडवा आणि रामनवमी हे सण बहुधा येऊन जातात.

‘बहुधा’ म्हणालो, त्याला कारण आहे. आपले सण चंद्रावर चालतात. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत पुरे होतात, सूर्याच्या वर्षाला ३६५ लागतात. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालतात. म्हणून सण पुढेमागे सरकतात. २०२४ साली होळी २४ मार्चला होती, २०२५ साली १३ मार्चला. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला आला, तर २०२५ साली ३० मार्चलाच. झाडांचे मात्र तसे नाही. ती सूर्याचे ऐकतात. तेव्हा एक साधा नियम लक्षात ठेवावा : फुले पाहायची तर इंग्रजी तारीख पाहावी, जत्रा पाहायची तर तिथी पाहावी.

आता फुलांपासूनच सुरुवात करू. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे मोठे रान, ही जगातही क्वचित आढळणारी गोष्ट आहे. फेब्रुवारीच्या शेवटी या रानात गेलात तर पहिल्यांदा निराशाच होईल. बरीच झाडे उघडीबोडकी, पायाखाली पाचोळा. पण मान वर करा. काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लालभडक, मुठीएवढी, मांसल फुले लागलेली दिसतील. पळसाला शेंदरी चोचींसारखे घोस दिसतील. पांगाराही याच सुमारास लाल होतो.

पाने नसताना फुले का? रानातल्या झाडांना या दिवसांत जमिनीतून पाणी मिळते ते थोडे, आणि पानांतून ते उडून जाते पुष्कळ. म्हणून ती पाने टाकून देतात. मग त्याच रिकाम्या फांद्यांवर फुले आणली तर ती दुरूनही दिसतात. पळस, सावर, पांगारा यांच्या फुलांना वास जवळजवळ नाही, कारण त्यांची गिऱ्हाइके पक्षी आहेत. पक्ष्यांना वासाचे फारसे नसते, त्यांना लाल रंग पुरतो. सकाळी सात वाजता फुललेल्या काटेसावरीखाली दहा मिनिटे उभे राहा. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल यांची वर्दळ लागलेली दिसेल. त्यांच्यात गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची एक पाहुणी असते. तिचे मराठी नावच पळसमैना. मध्य आशियाकडे परत जाण्यापूर्वी ती आपल्याकडच्या पळसा-सावरीवर पोट भरून घेते. मोहाचे झाड याच्या अगदी उलट. त्याची फुले फिकट, पण वास उग्र आणि गोड. ती रात्री उमलतात, कारण त्यांची गिऱ्हाइके वटवाघळे. पहाटे झाडाखाली सडा पडतो.

मार्चच्या मध्याला आणखी एक गंमत पाहायला मिळते. लांबून एखादे झाड पेटल्यासारखे लाल दिसते, आणि जवळ गेलात की कळते, ही फुले नव्हेत, पाने आहेत. हा कुसुम. त्याची कोवळी पालवी तांबडी असते. कोवळ्या पानाला कडक ऊन आणि किडे या दोहोंचे भय. तांबडा रंग त्याला त्या दिवसांत सांभाळतो. पान जून झाले की हिरवे होते. बहाव्याचे पिवळे घोस मात्र एप्रिलमध्ये येऊ लागतात. परीक्षा संपल्यावरच सवड मिळणार असेल, तर बहावा तुमच्यासाठी थांबलेला असतो, एवढे समाधान आहे.

आता तुम्ही विचाराल, मुंबई चहूकडून वाढत गेली, मग हे रान राहिले कसे? त्याचे मोठे कारण तुमच्या नळाशी आहे. शहराला पाणी हवे म्हणून मिठी नदीवर विहार तलाव बांधला, तो १८६० साली पुरा झाला. तुळशी तलाव १८७९ साली झाला. तलाव स्वच्छ ठेवायचा तर भोवतालच्या डोंगरावर वस्ती होऊ देता येत नाही, झाडे तोडता येत नाहीत. पाण्यासाठी राखलेला हा डोंगर पुढे उद्यानाचा गाभा ठरला. मुंबईला आज सात तलावांचे पाणी येते. त्यांतले पाच दूर ठाणे-नाशिकच्या बाजूला आहेत. शहराच्या हद्दीत आहेत ते हे दोनच, विहार आणि तुळशी. म्हणजे पळस राखला तो पळसासाठी नव्हे, पाण्यासाठी. पण राखला खरा. झाडांनी पाणी अडवले आणि पाण्याने झाडे वाचवली, असा हा व्यवहार आहे. या तलावांच्या काठावर परवान्याविना जाता येत नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तो काठ मोकळा असता तर आज रान उरलेच नसते.

पाण्याची ही विद्या याच डोंगरावर फार जुनी आहे. फाटकापासून पाच-सहा किलोमीटर आत गेले की कान्हेरीची लेणी लागतात. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. शंभराहून अधिक बौद्ध लेणी इथे खोदलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेले काम जवळजवळ हजार वर्षे चालले. तीन क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत मोठे. लोक ते पाहतात, छायाचित्र काढतात आणि परततात. तुम्ही एक करा. मुलांना घेऊन लेण्यांच्या दारातल्या टाक्या मोजा. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या बारीक पन्हाळींतून एकेका लेण्याच्या टाकीत आणून सोडले आहे. शिलालेखांत या टाकीला ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी व्यापाऱ्याने, कोणी गृहिणीने पोढी दान दिल्याचे लेख दगडावर आहेत. पन्हाळ कुठून निघते आणि कुठे उतरते हे शोधण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. भूगोलाच्या पुस्तकातला एक धडा तेवढ्यात होऊन जातो.

कान्हेरीच्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ या सालांतले. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि आल्याची तारीख कोरून ठेवली. म्हणजे साष्टीतल्या सहलीची परंपरा हजार वर्षांची आहे म्हणा ना! त्या नावांना आज इतिहास म्हणतात. पण आपण आपले नाव कोरले तर त्याला इतिहास म्हणणार नाहीत, दंड करतील. हे मुलांना आधीच सांगितलेले बरे.

महाशिवरात्रीला कान्हेरीला मोठी गर्दी लोटते. गर्दीची हौस असेल तर त्या दिवशी जावे, नसेल तर पुढच्या आठवड्यात. उद्यान सोमवारी बंद असते. शिवरात्रीला जवळचा देव हवा असेल तर उपनगरात आणखी दोन जुनी शैव लेणी आहेत. एक जोगेश्वरीचे, सहाव्या शतकातले, आकाराने प्रचंड. आता ते चहूबाजूंनी वस्तीने वेढलेले आहे. रस्त्यावरच्या गलबल्यातून पायऱ्या उतरून त्या अंधारात गेले की कान एकदम मोकळे होतात. दुसरे बोरिवली-दहिसरच्या मधले मंडपेश्वर. तिथे नाचणारा शिव कोरलेला आहे, आणि वरच्या अंगाला पोर्तुगीज अमदानीतल्या ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष उभे आहेत. एकाच टेकडीवर साष्टीचा दीड हजार वर्षांचा इतिहास वाचता येतो.

साष्टी हे नाव सासष्ट गावांवरून पडले. ती गावे बुजली असे आपल्याला वाटते. पण वसंतात ती पुन्हा दिसू लागतात, कारण या दिवसांत प्रत्येक गावठाणाचा काही ना काही सण असतो.

पहिला शिमगा. तो पाहावा कोळीवाड्यात. अंधेरी-वर्सोव्याचा कोळीवाडा आता सोपा झाला आहे. ८ जून २०१४ पासून घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा अशी मेट्रो धावते, त्यामुळे घाटकोपरच्या माणसालासुद्धा दादरचा वळसा घ्यावा लागत नाही. शेवटच्या स्टेशनवरून पुढे रिक्षा करावी. होळीच्या रात्री कोळी बायका ठेवणीतली लुगडी आणि दागिने घालून निघतात, वाद्ये वाजत असतात, होळी सजवलेली असते. मात्र आपण तिथे पाहुणे आहोत हे विसरू नये. तो त्यांच्या घरचा सण आहे, तमाशा नव्हे. विचारून बसलात तर जागा मिळते, आणि बहुधा खायलाही मिळते. दिवसा गेलात तर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतील. कोरड्या हवेचे हे दिवस सुक्या मासळीचे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्याची बेगमी आताच करावी लागते. पुढे चैत्रात याच कोळीवाड्यांतून कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेला मंडळी निघतात.

समुद्रावर जायची वेळ मात्र संध्याकाळची ठेवा. रानात सकाळी आणि समुद्रावर चारनंतर, हा वसंतातला दुसरा नियम. त्याचे कारण ऐका. मार्चमध्ये सकाळी वारा जमिनीवरून, पूर्वेकडून येतो. तो कोरडा आणि तापलेला असतो. दुपारच्या सुमारास समुद्राकडचा गार वारा सुरू होतो आणि हवा खाली येते. एखाद्या दिवशी हा समुद्रवारा उशिरा उठला की पारा भडकतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून मार्चच्या दुपारवर विश्वास ठेवू नये. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर अकराच्या पुढे उघड्यावर राहूच नये.

शिमग्यानंतर पाडवा. पाडव्याच्या सकाळी निघणाऱ्या शोभायात्रा आता उपनगरांत सगळीकडे रूढ झाल्या आहेत. ही प्रथा फार जुनी आहे असे मुलांना वाटते. वास्तविक ती १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि तिथून ती मुंबईभर पसरली. मुलुंड, पार्ले, बोरिवली इथे सकाळी सातपासून ढोल-ताशे ऐकू येतात. ही सहल तर चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाण्याची. येताना कडुलिंबाची कोवळी पाने आणावीत, गूळ, ओवा, चिंच, हिंग घालून वाटावीत आणि मुलांच्या तोंडाकडे पाहावे! नंतर महिनाभर चैत्रगौरीची हळदीकुंकवे चालतात. कैरी घातलेली वाटली डाळ आणि पन्हे, हा वसंत तर चौथ्या मजल्यावरसुद्धा चढून येतो.

याच दिवसांत गोराई, मनोरी, उत्तन या बाजूला जाऊन यावे. बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईला आणि मालाडच्या मार्व्याहून मनोरीला होडीने पलीकडे उतरता येते. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण पलीकडे पाऊल टाकले की गाव लागते. ताडाची झाडे, क्रूस उभारलेले नाके, मराठी बोलणारे ख्रिस्ती शेजारी. यांना ईस्ट इंडियन म्हणतात, पण ती माणसे इथलीच, साष्टीची. त्यांच्या उपासाचे चाळीस दिवस आणि शेवटी ईस्टर वसंतातच येतात. ईस्टरही चंद्राला धरून असतो : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून २०२४ साली होळीच्या पौर्णिमेनंतर आठवड्यात ३१ मार्चला ईस्टर आला, आणि २०२५ साली तो चैत्री पौर्णिमेनंतर २० एप्रिलला गेला. एप्रिल-मेमध्ये या घरांतून मसाले भाजण्याचा वास येतो. वर्षाचा मसाला कुटून तो बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचे नावच बॉटल मसाला. येताना ताडगोळे घ्यावेत. घरी पोचेपर्यंत ते गार राहतील अशी आशा मात्र करू नये, तिथेच उभ्या उभ्या खावेत.

एवढा वेळ पश्चिमेकडचेच सांगितले, तेव्हा मुलुंड-भांडुप-घाटकोपरचे वाचक रुसले असतील. त्यांच्या वाट्याला तर सगळ्यांत मोठा देखावा आला आहे, तो ठाण्याच्या खाडीवर. हिवाळ्यात आलेले रोहित पक्षी मेअखेरपर्यंत तिथे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिखलावर गुलाबी चादर पसरल्यासारखी दिसते. खाडीच्या पश्चिम काठाचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचे नाव गेले. हा पक्षी डोके उलटे करून, चोचीने चिखलपाणी गाळून शेवाळ खातो. त्या शेवाळातल्या रंगद्रव्याने त्याची पिसे गुलाबी होतात. कळपात काही करड्या रंगाचे दिसले तर ती पिल्ले समजावीत. अजून पुरेसे खाल्लेले नाही!

इथे वेळ साधायची ती भरती-ओहोटीची. किनाऱ्यावरून पक्षी पाहायचे तर ओहोटी हवी, कारण चिखल उघडा पडल्यावरच ते चरायला उतरतात. होडी मात्र पाणी असल्याशिवाय चालत नाही. मुलुंडहून पुलावरून पलीकडे गेले की ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे. तिथल्या होड्या पाण्याच्या वेळेप्रमाणे सुटतात, म्हणून आधी चौकशी करूनच जावे. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे अदमासे तीन वाजता भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, ओहोटी. म्हणजे चतुर्थीची सकाळ किनाऱ्यावरून पक्षी पाहायला उत्तम. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीला तेवढे चालते. पाऊणकीचा पाढा मुलांना कशाला शिकवायचा, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर देता येईल.

या पक्ष्यांचे येणे आपण गृहीत धरू नये. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरच्या पंतनगर भागात रात्री विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित पक्षी मरून पडले. खाडी, मिठागरे, तिवरे यांच्या जागा जसजशा आक्रसतात तसतसे या पक्ष्यांना उतरायला ठिकाण कमी होते. पाहणारी माणसे वाढली तर विचारणारी माणसेही वाढतात. सहलीचा हाही एक उपयोग आहे.

ज्यांना एवढेही दूर जमणार नाही त्यांच्यासाठी अंधेरीतली दोन ठिकाणे. पश्चिमेला गिल्बर्ट हिल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या लाव्हाचा थिजलेला हा ६१ मीटर उंचीचा काळा खडक इमारतींच्या गर्दीत सरळ उभा आहे. वर गावदेवीचे देऊळ आहे. पायऱ्या चढाच्या आहेत, पण सकाळी वर वारा छान असतो. पूर्वेला कोंडिवट्याची लेणी, ज्यांना आपण महाकालीची लेणी म्हणतो. तिथे नवव्या लेण्यात दगडातच कोरलेली गोल झोपडी आहे, जाळीच्या खिडक्यांसकट. दोन्ही ठिकाणे दोन तासांत होतात.

आता निघण्याआधीच्या सूचना. पाणी घरून न्यावे, माणशी एक बाटली पुरत नाही. माकडांपुढे पिशव्या उघडू नयेत. रानात बिबटे आहेत, म्हणून ठरलेल्या वाटा सोडू नयेत, लहान मुलांना मागेपुढे एकटे सोडू नये आणि सांजेपर्यंत रेंगाळू नये. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे काडी पेटवू नये. वसंतातला पाचोळा ठिणगीचीच वाट पाहत असतो. चूल, विडी, काही नको. डबा घरून नेलेला बरा. स्टेशनाबाहेर आदिवासी बायका एप्रिलपासून पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसू लागतात, ती जरूर घ्यावीत आणि भाव करू नये.

शेजारच्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी गणित आणि विज्ञान या दोन पेपरांच्या मध्ये एक रविवार आला. त्याच्या आईला मी म्हटले, “साडेदहाला परत आणून सोडतो.” तिने थोडा विचार केला आणि स्वतःच पायांत चपला घातल्या. साडेसहाला आम्ही तिघे फाटकात होतो. पळसाखाली पोचल्यावर त्याने खाली पडलेले एक फूल उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “याला वासच नाही.” पुस्तकात हे लिहिलेले नव्हते. साडेदहाला पाच मिनिटे असताना आम्ही घरी होतो.

तेव्हा वाचकहो, भिंतीवरचे कॅलेंडर आजच काढा. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार पळस-सावरीसाठी, मार्चमधली एक चतुर्थी खाडीसाठी आणि होळीची संध्याकाळ कोळीवाड्यासाठी, अशा तीन खुणा करून ठेवा. परीक्षेचे वेळापत्रक हाती आले की त्यातल्या किती टिकतात ते पाहा. एक टिकली तरी पुरे.